पोलोला एक लाख घालायचेत : आधी रिमॅप की आधी टायर-ब्रेक?

तिसरं गेट, टिळकवाडी

मंडळी, गाडी फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बोवालं पेट्रोल इंजिन), सहा गिअरची मॅन्युअल, २०२१ ची, केए-२२ पासिंग. कंपनीतून येतानाच ११० पीएस (अश्वशक्ती) आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. ५८ हजार किलोमीटर झालेत, वॉरंटी संपली. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोव्यात साखळीला बहिणीकडे जाणं असतं, अधेमधे कोल्हापूर. एक लाख रुपये गाडीसाठी बाजूला काढलेत आणि ते कशावर घालायचे यावरून माझं आणि माझ्या मित्राचं रोज वाजतंय. तो म्हणतो आधी रिमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची. माझं मत उलटं. आधी टायर, मग ब्रेक, मग शॉक ॲब्सॉर्बर. पैसे उरले तरच इंजिनाला हात.

कारण सांगतो. गेल्या श्रावणात कणकुंबी सोडून पुढं निघालो होतो. धुकं असं की बॉनेटच्या पलीकडचं दिसत नव्हतं, म्हणून चाळीसच्या आतच होतो. वळण संपलं तर समोर चिऱ्यानं भरलेली लॉरी उभी. ब्रेक दाबला, एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला लागली आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढं सरकतच राहिली. रस्त्यावर लाल चिखल उतरला होता. लॉरीच्या फाळक्यापासून दोन हातांवर थांबली. बाजूच्या सीटवर आई होती.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन टायर बघितले. साइडवॉलवर ०६२१, म्हणजे २०२१ सालच्या सहाव्या आठवड्यातले. खाचेत माप घातलं तर तीन मिलिमीटरसुद्धा भरेना. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण आमच्या घाटातल्या पावसाला १.६ चा काय उपयोग? त्या दिवशी माझ्याकडं ११० पीएस होते आणि एकाचाही उपयोग झाला नाही.

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी मोकळेपणानं लिहा. मला खरंच ऐकायचंय.

संकेश्वरकर

अण्णा, लॉरीचं वाचून अंगावर काटा आला. पण तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. टायर झिजले होते, ते बदलायचेच होते. त्याला अपग्रेड का म्हणायचं? ते घरखर्चात धरा आणि लाख रुपये वेगळे ठेवा.

माझी पण हीच गाडी, हेच इंजिन. चौदा महिन्यांपूर्वी स्टेज वन रिमॅप केला, म्हणजे सुटे भाग न बदलता फक्त सॉफ्टवेअर. मी रोज संकेश्वर-गडहिंग्लज करतो. कारखाना सुरू झाला की त्या रस्त्यावर काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ट्रॅक्टर, त्याच्या मागं दोन ट्रेलर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. सगळी लांबी धरली तर एका एसटीपेक्षा जास्त. असा एक मागं टाकायला समोरचा रस्ता किती वेळ मोकळा मिळतो? पूर्वी मी मधेच अडकायचो. बाहेर काढली, टर्बो जागा व्हायला वेळ, समोरून कोणी आलं की परत आत. रिमॅपनंतर दोन ते चार हजार आरपीएममध्ये जी ओढ आली आहे तिनं ते अडकणं बंद झालं. विरुद्ध लेनमध्ये जितका कमी वेळ राहीन तितका मी सुरक्षित. मग हे सुरक्षेचं काम नव्हे तर काय?

आणि इतक्या पैशात इतका फरक दुसरं काही देत नाही. पंचवीस ते चाळीस हजारांत रोज जाणवणारी गोष्ट.

तिसरं गेट, टिळकवाडी

संकेश्वरकर, ट्रॅक्टरचं शंभर टक्के मान्य. पण मला एक सांगा, तुम्ही तो मागं टाकताना कुठल्या गिअरमध्ये असता? ह्या इंजिनाचा पूर्ण १७५ चा टॉर्क १७५० आरपीएमपासून ४००० पर्यंत सपाट मिळतो. चौथ्या-पाचव्यात १५०० वर रांगत असाल तर टर्बो झोपलेलाच असणार. तिसरा टाकून आधी २५०० वर आणा, मग बाहेर काढा. मी हे वर्षभर करतोय आणि मला गाडी कधी कमी वाटली नाही.

संकेश्वरकर

तिसऱ्यातच असतो ओ. वीस वर्षं गाडी चालवतोय. तिसऱ्यात २५०० वर तुमची गाडी आणि माझी गाडी शेजारी लावून बघा, मग बोलू.

उद्यमबाग गॅरेज

दोघांनाही वयानं मोठा म्हणून सांगतो. माझं गॅरेज आहे, बत्तीस वर्षं झाली.

रिमॅप वाईट नाही. पण त्याच्या मागं काय काय येतं ते कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअरमधून टर्बोचा बूस्ट वाढतो, स्पार्कचा टायमिंग पुढं सरकतो. टॉर्क वाढला की पहिला भार क्लचवर. मागच्या महिन्यात एक रिमॅप केलेली गाडी आली. मालकाची तक्रार अशी की चढाला आरपीएम वाढतो पण गाडी पळत नाही. गिअरबॉक्स उतरवला तर क्लचप्लेट काळी-निळी, वास अख्ख्या शेडमध्ये. रिमॅपला जेवढे दिले होते त्याच्या जवळपास क्लचला गेले. हे कोणी आधी हिशोबात धरत नाही.

पोलोच्याच जुन्या जीटी टीएसआयवाल्यांसाठी आणखी एक. त्याचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), डीक्यू२००, हा २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. इंजिन मुळात १७५ चं. म्हणजे वाव आहे, पण वाव आहे म्हणून काठापर्यंत भरायचं नसतं.

आता ब्रेक. पोलोला मागं ड्रम आहेत आणि आमची पोरं लगेच विचारतात, काका मागं डिस्क बसवून देता का? गरज नाही. थांबवायचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. पुढं चांगल्या दर्जाचे पॅड घाला आणि ब्रेक फ्लुइड बदला. फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ असेल तर ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच किमान आकडा १५५ अंशांवर येतो. चोर्ला किंवा अनमोड भरल्या गाडीनं उतरताना पेडल मऊ पडतं ते ह्यामुळं. नळीत वाफ झाली की पाय दाबला जातो, ब्रेक लागत नाही. दोन वर्षांतून एकदा बदलायला हजार-दीड हजाराचं काम, आणि माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांचं फ्लुइड कॉफीच्या रंगाचं असतं.

आणि घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा. हे फुकट आहे.

निपाणी केए-२३

सगळे घाटातच अडकलात. आमच्यासारखे जे बेळगाव-कोल्हापूर हायवेवर पळतात त्यांचं काय? माझ्या मते पहिला खर्च लोअरिंग स्प्रिंग आणि १७ इंची रिमवर. गाडी ३०-३५ मिलिमीटर खाली आली की गुरुत्वमध्य खाली, वळणात कलणं कमी. तवंदी घाटाच्या वळणांवर आधीची डुलणारी गाडी आणि आताची गाडी, फरक स्टिअरिंगवर हात ठेवला की कळतो. रिमॅपनं सरळ रस्त्यावर मजा येते, स्प्रिंगनं प्रत्येक वळणावर. ज्याला गाडी चालवणं आवडतं त्याच्यासाठी तेच खरं.

उद्यमबाग गॅरेज

बाळा, तुझं हायवेपुरतं बरोबर आहे. पण तू हायवेवरून घरी कसा येतोस? सर्व्हिस रोड, स्पीड ब्रेकर, गल्ली.

स्प्रिंग छोटी केलीस आणि शॉक ॲब्सॉर्बर तोच ठेवलास तर त्याचा दांडा कायम खालच्या भागातच चालतो. त्याला दबायला जागाच उरत नाही. माझ्या शेडमध्ये असाच एक सेट आत्ता टेबलावर पडलाय. दांड्यावरचा बंप स्टॉप, पिवळट फोमचा असतो तो, हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. सील फुटून तेल बाहेर आलंय, त्यावर लाल धूळ बसून चिखल झालाय. गाडी फक्त अकरा हजार किलोमीटर चालली होती, बहुतेक खानापूर-जांबोटी रस्त्यावर. मालक म्हणत होता गाडी आता बसल्यासारखी वाटते. बसलेलीच होती.

खाली घ्यायचीच असेल तर त्या उंचीसाठी बनवलेला आखूड डॅम्पर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, सोबत घे. बिल्स्टीनचा बी८ त्यासाठीच असतो. उंची तीच ठेवून गाडी घट्ट करायची असेल तर बी६. आमच्या रस्त्याला मी बी६च सांगेन.

रिमचंही तेच. १९५/५५ आर१६ टायरची बाजूची भिंत १०७ मिलिमीटर. १७ इंचीवर २०५/४५ घातलास की ९२. पंधरा मिलिमीटर रबर गेलं, आणि खड्डा तेवढाच राहिला. मग साइडवॉलला फुगा येतो किंवा रिमला चीर.

निपाणी केए-२३

काका, आखूड डॅम्परचं मान्य, ते मी केलेलं नाही आणि करायला हवं होतं. पण खड्डे आहेत म्हणून गाडी जन्मभर उंटासारखी ठेवायची हे पटत नाही. मी खड्डा बघून चालवतो. रिम दोन वर्षं शाबूत आहेत.

खानापूरची

ह्या चर्चेत कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या चुलतभावाच्या गाडीला मोठी रिम, रुंद टायर आणि बाहेरचा एक्झॉस्ट होता. लोंढ्याजवळ गाडी झाडाला धडकली. तो वाचला हे महत्त्वाचं. पण सर्व्हेअरनं गाडीच्या चारी बाजूंचे फोटो काढले, रिमची बिलं मागितली आणि विचारलं, पॉलिसीत हे कळवलं होतं का? कळवलं नव्हतं. क्लेम सहा महिने लटकला आणि शेवटी अर्ध्याहून कमी मिळाला. वहिनीचे दागिने बँकेत गेले. म्हणून मला ह्या विषयात हळुवार बोलता येत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला परवानगी देत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पॅड, फ्लुइड, मूळ मापाचे चांगले टायर ह्यात काहीच अडचण नाही. बाकीचं करणाऱ्यांनी निदान विमा कंपनीला लेखी कळवावं.

आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर जुन्या गाडीवर लाख घालण्यापेक्षा ती विकून, त्यात भर घालून कारखान्यातूनच तशी आलेली गाडी घ्यावी. आय२० एन लाइन २०२१ ला आली, १२० पीएस, चारी चाकांना डिस्क, सस्पेन्शन मूळ आय२० पेक्षा घट्ट. अल्ट्रोझ रेसर २०२४ ची, तीही १२० पीएस. सगळं कागदावर स्वच्छ, रात्री झोप लागते.

तिसरं गेट, टिळकवाडी

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. कळवण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात अजिबात नव्हता.

विकण्याचं मात्र होणार नाही. पोलो २०२२ ला इथं बंद झाली. दार लावल्यावर येणारा तो जड आवाज आणि घाटात पुढची चाकं जिथं दाखवू तिथं जातात तो विश्वास मला दुसरीकडं मिळाला नाही. ह्या गाडीत बाबांना शेवटचं गोव्याला नेलं होतं.

संकेश्वरकर

माझ्या रिमॅपवर एक मुद्दा कोणी काढला नाही, तो मीच काढतो, प्रामाणिकपणे. पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं येतंय. आमचा ऊस कारखान्याला जातो, त्याचंच इथेनॉल होतं, त्यामुळं मला त्याचा राग नाही. इथेनॉल नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) होऊ देत नाही, हे टर्बोला चांगलंच. पण लिटरमागं त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं मायलेज उतरलं. आणि २०२३ च्या एप्रिलआधीच्या बहुतेक गाड्या दहा टक्क्यांच्या हिशोबानं बनलेल्या. माझ्या ट्यूनरनं फाइल केली ती जुन्या पेट्रोलवर. परत जाऊन बघून घ्यायला पाहिजे.

तरी मी माझ्या मतावर आहे. अण्णा, एकदा माझ्या गाडीत बसा. हंगामात या, ट्रॅक्टरच्या मागं.

तिसरं गेट, टिळकवाडी

येतो, नक्की येतो.

ठरलं ते सांगतो. मूळ मापाचेच १९५/५५ आर१६ टायर, ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेले. दुकानानं चारला चौतीस हजार सांगितले. २०५/५५ चा मोह होता, पण त्याचा व्यास ११ मिलिमीटरनं वाढतो, स्पीडोमीटर जवळपास दोन टक्के कमी दाखवतो आणि मूळ माप सुटतं. पुढचे पॅड आणि फ्लुइड काकांकडं गुरुवारी. डॅम्पर उंची न बदलता, पावसाळ्याआधी. क्लचसाठी वीस हजार तसेच ठेवतोय. रिमॅपचा निर्णय संकेश्वरकरांच्या गाडीत बसल्यावर.

काका, गुरुवारी किती वाजता आणू?

उद्यमबाग गॅरेज

नऊला आण. इंजिन गार असताना यायचं, आदल्या रात्री धुऊ नकोस. तुझ्या मागच्या ड्रमचा आवाज मला स्वतः ऐकायचाय.