अमृतकोकमला ‘एलिक्झिर’ म्हणावं का?

दापोलीकर: गुहागरकडच्या एका बचतगटाला अमृतकोकमच्या, म्हणजे सरबतासाठीच्या गोड कोकमरसाच्या, लेबलवर इंग्रजी नाव हवंय. डिझायनरने ‘कोकम एलिक्झिर’ सुचवलंय. अमृत म्हणजे एलिक्झिरच ना?

खाडीपलीकडे: अजिबात नको. औषधनिर्मितीत एलिक्झिर म्हणजे पाणी आणि अल्कोहोलात केलेलं, गोड, नितळ, पोटात घ्यायचं औषध. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ने शंभरावर माणसं दगावली. औषध विरघळवायला विषारी डायएथिलीन ग्लायकॉल घातलं होतं. विक्रीआधी सुरक्षिततेची चाचणी तेव्हा सक्तीची नव्हती. माल जप्त करता आला तो एवढ्याच मुद्द्यावर, की अल्कोहोल नसताना बाटलीवर एलिक्झिर लिहिलं होतं.

रुईपान: मुळात तो शब्द द्रवाचा नाहीच. ग्रीक ‘क्सेरिऑन’ म्हणजे जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. अरबीत त्याचं ‘अल्-इक्सीर’ झालं, हलक्या धातूचं सोनं करणारी भुकटी. तिथून लॅटिनमध्ये. आपल्याकडचा ‘अक्सीर इलाज’ त्याचाच भाऊबंद.

सड्यावरून: अक्सीर कशाला? आयुर्वेदात म्हातारपण नि व्याधी घालवतं ते रसायन. घरचा नेमका शब्द असताना उसनवारी का करायची?

रुईपान: आज बागायतदारासमोर रसायन म्हणा, त्याला मोहरावरची फवारणीच आठवेल. आणि उसनवारी नको तर ‘सरबत’ही सोडा, तोही अरबी. सिरप त्याच मुळाचा.

सड्यावरून: सरबत रुळलंय, अक्सीर रुळलेलं नाही. फरक आहे.

खाडीपलीकडे: अल्कोहोलचाच निकष लावायचा तर एलिक्झिरला जवळचे आयुर्वेदातले आसव-अरिष्ट. अरिष्टात आधी काढा करतात, आसवात नाही. दोन्ही धायटीची फुलं घालून आंबवतात. अमृतकोकम हा साखरेचा पाक, म्हणजे सिरपच.

आगळवाली: पाक म्हणू नका, चुलीवर चढतच नाही तो. रातांब्याच्या, म्हणजे कोकमफळाच्या, एक किलो सालींना दोन किलो साखर, बरणीत थरावर थर, सात-आठ दिवस ऊन. रोज ढवळायचं, तळाची साखर विरघळेपर्यंत. साखरेत हात आखडला की रस पातळ राहतो, फसफसतो, झाकण उडतं. तेव्हा मात्र त्यात खरंच अल्कोहोल तयार होत असतं. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं. ॲल्युमिनियमला आंबट रस खातो.

सड्यावरून: उन्हात कशाला? लाल रंग उतरून तपकिरी होतो. सावलीतही साखर रस ओढते, दिवस जास्त लागतात इतकंच.

आगळवाली: तितक्या दिवसांत वरच्या साली उघड्या राहून बुरशी धरतात. ऊन हवंच, बरणीला फडकं गुंडाळा.

सड्यावरून: फडक्याने उजेड अडतो, ताप नाही. रंग तापानेही जातो.