साथीच्या काळात हार्ट अटॅक, लकवा, अपघात : आधी उपचार की आधी रिपोर्ट?

मानेवाड्याची_सून
परत साथ आली तर काय, हा विषय निघाला की सगळे ऑक्सिजन प्लांट अन् जम्बो बेडवर बोलतात. मला दुसऱ्याच लोकांबद्दल बोलायचंय, ज्यांना कोरोना नव्हताच. २०२० च्या सप्टेंबरात, म्हणजे नागपुरात पहिली लाट अगदी जोरात होती तेव्हा, माझ्या सासऱ्यांच्या हातातून चहाचा कप पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. लकवा आहे हे शेजारच्या काकूंनासुद्धा कळलं. जवळच्या हॉस्पिटलनं गेटवरच विचारलं, कोविडचा रिपोर्ट आहे का. नाही म्हटलं तर गाडीतून उतरूसुद्धा दिलं नाही. दुसरीकडे तेच. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याच्या आधी डोक्याचा सीटी स्कॅन काढून रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. सीटी झाला तोवर ती वेळ निघून गेली होती. बाबांचा उजवा हात आजही उचलत नाही, शर्टाची बटणं सासूबाई लावून देतात.

माझं मत स्पष्ट आहे. साथ कोणतीही असो, इमर्जन्सी पेशंट आला की त्याला पॉझिटिव्ह समजा, अंगभर संरक्षक (पीपीई) किट घाला, उपचार सुरू करा, टेस्ट मागाहून करा. अन् शहरातलं एक तरी मोठं सरकारी हॉस्पिटल साथीला द्यायचंच नाही. आपल्याकडे नागपुरात मेडिकल अन् मेयो ही दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं, त्यात मेडिकलच्या ट्रॉमा सेंटरचंच कोविड हॉस्पिटल केलं अन् मेयोचं सर्जिकल कॉम्प्लेक्सही त्यातच गेलं. म्हणजे अपघाताची इमारत अन् ऑपरेशनची इमारत, दोन्ही. मग बाकीच्यांनी जायचं कुठं?

धंतोली_ओटी
ताई, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं, पण मी भूलतज्ज्ञ आहे अन् दुसरी बाजू सांगणं मला भाग आहे. श्वासनलिकेत नळी टाकताना माझं तोंड पेशंटच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये चांगले किट मिळत नव्हते, आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडायचा, अन् एक पेशंट नंतर पॉझिटिव्ह निघाला की ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद, स्टाफ क्वारंटाइन, कधी कधी अख्खं हॉस्पिटल सील. म्हणजे एका पेशंटला न तपासता घेतलं तर पुढचे कितीतरी पेशंट परत जाणार, त्यात सिझेरियनवाल्या बाया, अपेंडिक्स फुटलेली पोरं सगळे आले. विम्याचंही बघा. सरकारनं ५० लाखांचा विमा जाहीर केला, पण खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या घरच्यांचे दावे "सरकारनं ड्युटी लावली नव्हती" म्हणून फेटाळले गेले, प्रकरणं कोर्टात गेली. आम्ही पण घरी म्हातारे आईबाप ठेवून येत होतो. "पॉझिटिव्ह समजा अन् सुरू करा" हे लिहायला एक ओळ लागते, करायला किट, वेगळी ओटी, दुप्पट स्टाफ लागतो. आधी टेस्ट ही भीतीपोटी केलेली पळवाट नव्हती.

सक्करदरा_सागर
डॉक्टर साहेब मान आहे तुमचा, पण हे काऊन विसरून राहिले की केंद्राच्या आरोग्य खात्यानं २८ एप्रिल २०२० लाच राज्यांना पत्र दिलं होतं की डायलिसिस, रक्त चढवणं, केमो, बाळंतपण हे काही थांबलं नाही पाहिजे अन् त्यासाठी उगाच कोविड टेस्टची अट घालू नका. त्याच्याही लय आधी, १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा केसमध्ये सांगितलं होतं का डॉक्टर सरकारी असो का खाजगी, जीव वाचवणं पहिले, बाकी कागदपत्रं मागून. कायदा होता, पत्र होतं, अन् पेशंट गेटवर. त्या सगळ्या काळात एका तरी हॉस्पिटलला कोणी विचारलं का बाबा तू पेशंट परत का पाठवला?

उमरेड_रोड
मी या धाग्याच्या विरोधात आहे आणि ते रागानं लिहितोय. २०२१ चा एप्रिल आठवा. छिंदवाडा, बालाघाट, भंडारा, यवतमाळ, सगळीकडून गाड्या नागपुरात येत होत्या, लोक कारमध्येच सिलेंडर लावून हॉस्पिटलच्या बाहेर बसलेले. माझा मोठा भाऊ त्या महिन्यात गेला, बेड मिळाला नाही म्हणून गेला. आता तुम्ही म्हणता एक मोठं हॉस्पिटल साथीला द्यायचंच नाही. म्हणजे तिथं वॉर्डात गाद्या रिकाम्या आणि बाहेर माणसं गुदमरून मरतायत, हे तुम्ही बघू शकाल? मी नाही बघू शकत. माणसं ज्या आजारानं ढिगानं मरतायत त्याला पहिला हक्क, एवढंच मला कळतं.

मानेवाड्याची_सून
दादा, तुमच्या भावाचं दुःख मी कमी समजत नाही. पण बेड रिकामे ठेवा असं मी म्हटलंच नाही. हार्ट अटॅकवाला पेशंट सगळं नीट झालं तर तीन-चार दिवसांत घरी जातो, त्या बेडवर दुसरा येतो. कोविडचा गंभीर पेशंट दोन-दोन आठवडे बेडवर असायचा. म्हणजे थोडक्या बेडवरही इमर्जन्सीचे पुष्कळ पेशंट होतात. अन् लोकांचे हार्ट अटॅक काही थांबले नव्हते. हृदयरोगतज्ज्ञांच्या देशभरच्या पाहणीत २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अटॅकसाठी भरती होणारे पेशंट साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्याचं दिसलं. ते कुठं गेले? काही घरीच राहिले, काही उशिरा आले, काही रस्त्यात गेले. त्यांची मोजणी रोजच्या आकड्यात कुठंच नव्हती. संध्याकाळी कोविडचा आकडा यायचा तेव्हा यांचा यायला नको होता का?

सिकलसेलवाल्याची_आई
जरीपटक्याहून लिहितेय. माझ्या मुलाला सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. विदर्भात हे खूप घरांत आहे पण बोलायला कोणी नसतं. त्याला क्रायसिस, म्हणजे या आजाराचा झटका, आला की ताप येतो, छातीत दुखतं, धाप लागते, ऑक्सिजन कमी होतो. आता सांगा हे कोरोनासारखं दिसतं की नाही? आम्हाला थेट संशयित वॉर्डात टाकलं, रिपोर्ट येईपर्यंत. तिथं सिकलसेल माहीत असलेलं कोणी नाही, सलाईन उशिरा, वेदनेचं औषध उशिरा, पोरगं ओरडून ओरडून थकलं. रक्त लागलं तर तेही मिळेना कारण रक्तदान शिबिरं बंद झालेली. रिपोर्ट शेवटी निगेटिव्ह. त्या वॉर्डात खरे कोरोनावाले होते अन् माझा मुलगा त्यांच्या बाजूच्या खाटेवर. डॉक्टर साहेब, तुम्ही आधी टेस्ट म्हणता, चला मान्य, पण रिपोर्ट येईपर्यंत त्याच्यावर उपचार कोण करणार हे तर सांगा.

धंतोली_ओटी
आई, संशयित वॉर्ड ही त्या काळातली सगळ्यात वाईट जागा होती, याबद्दल वाद नाही. पण म्हणूनच तर म्हणतो की मिसळ नको. एकाच हॉस्पिटलात दोन्ही ठेवले की डायलिसिसवाले, केमोवाले, तुमच्या मुलासारखे, यांनाच पहिले लागण होते.

रिटायर्ड_सिस्टर
मी सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आयुष्य काढलं आहे, दोन शब्द मोठे होतील, वाचा. नागपूरच्या मे महिन्याचं कोणीच बोललं नाही. नवतपा म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, पारा ४५ च्या वर, अन् उष्माघाताचा पेशंट येतो, अंग तव्यासारखं, बरळतोय नाहीतर बेशुद्ध. त्याला ताप आहे. साथीच्या काळात ताप दिसला की माणूस तापाच्या रांगेत. पण उष्माघातात पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड केलं नाही तर मेंदू, किडनी, लिव्हर सगळं धोक्यात येतं. ओल्या चादरी, पंखा, काखेत-जांघेत बर्फ, याला कोणता रिपोर्ट लागतो? किट घालून होतं हे. फक्त कोणीतरी ठरवून ठेवलेलं पाहिजे की दारातली सिस्टर कोणाला विचारल्याशिवाय हे सुरू करू शकते. आम्हाला ते विचारत बसावं लागायचं.

डॉक्टर, २०२० च्या जून-जुलैनंतर अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन किट आली होती. निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नसतं हे मलाही माहीत आहे, पण पॉझिटिव्ह-निगेटिव्हची पहिली चाळणी तर होत होती. त्यानंतरही आरटीपीसीआरसाठी अडवून ठेवलं ते कशासाठी? माझं म्हणणं, कॅज्युअल्टीला दोन दारं, मध्ये चार-सहा खाटांची वेगळी खोली, प्रत्येक पेशंटमध्ये पडदा नाही तर भिंत, तिथंच मॉनिटर, ईसीजी, डिफिब्रिलेटर. हार्ट अटॅक असेल तर गुठळीचं इंजेक्शन तिथंच देता येतं, कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी होते त्या खोलीची) वाट बघायला नको, त्या वेळी हृदयरोगतज्ज्ञसुद्धा तेच सुचवत होते. अन् उमरेड रोडवाले दादा, बेड वाढवले होते हो, हात नव्हते वाढवले. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक नर्स लागते, आमच्याकडे एकीला किती होते ते मी इथं लिहीत नाही. बेड इकडचे तिकडे ओढून भांडण मिटत नाही.

उमरेड_रोड
सिस्टर तुमचं पटतं, दोन दारं करा, खोल्या करा, माणसं भरा. पण मी माझ्या मुद्द्यावर आहे. एप्रिल २०२१ सारखी वेळ आली, ऑक्सिजनच संपत आला, तर तो कोणाला द्यायचा हे तुमच्या खोल्या ठरवणार नाहीत.

धंतोली_ओटी
मी कोणत्या अटींवर "आधी उपचार" मान्य करीन ते लिहितो. एक, पेशंट नंतर पॉझिटिव्ह निघाला म्हणून हॉस्पिटल सील होणार नाही हे आधीच लेखी. दोन, किटचा साठा साथ यायच्या आधी. तीन, इमर्जन्सी घेणाऱ्या प्रत्येकाला, आयापासून सर्जनपर्यंत, सरकारी विमा, ड्युटी लावली की नाही हा प्रश्नच नको. हे असेल तर मी किट घालून उभा आहे. पण दहा खाटांच्या, एका दाराच्या नर्सिंग होमकडून हीच अपेक्षा ठेवू नका, ते करूच शकत नाहीत.

मानेवाड्याची_सून
दहा खाटांवाल्याकडून ओटीची अपेक्षा नाहीच डॉक्टर. पण गाडीतल्या पेशंटचं बीपी-शुगर बघणं, ऑक्सिजन लावणं, सीटी कुठं चालू आहे ते फोन करून विचारणं अन् त्यांना कळवणं की लकव्याचा पेशंट निघाला आहे, एवढं तर एका दाराच्या दवाखान्यालाही जमतं. आम्हाला कोणी फोनसुद्धा लावून दिला नाही. १०८ वाल्याकडेही कुठं घेतायत याची यादी नव्हती, तो बिचारा प्रत्येक गेटवर उतरून विचारत होता. तुमच्या तिन्ही अटी मला मान्य, त्यात माझी चौथी घाला, ज्यानं पेशंट नाकारला त्यानं वेळ अन् कारण लिहून सही करून द्यायचं.

सक्करदरा_सागर
चौथी अट लय जरुरी आहे. आमच्या प्रभागातून महापालिकेला निवेदन देऊन राहिलो, त्यात ह्या चारही अन् सिस्टरची दोन दारांची गोष्ट टाकतो. सिकलसेलवाल्या आई, तुमच्या मुलासारख्यांसाठी काय लिहायचं ते तुम्हीच सांगा, कार्डावर काय असलं पाहिजे, कोणतं औषध पहिले, म्हणजे ते तसंच्या तसं घालतो.