मदत हवी आहे : 307 मध्ये 7 वर्षे सक्तमजुरी, अपील प्रलंबित असताना जामीन कसा मागावा?

सातारा सत्र न्यायालयाने भादंवि (भारतीय दंडविधान) कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न, याखाली 7 वर्षे सक्तमजुरी आणि दंड सुनावला आहे. फिर्यादीला जखम आहे. आरोपी खटलाभर जामिनावर होता, तारखा चुकवलेल्या नाहीत. निकालाच्या दिवशीच ताब्यात घेतले. सत्र न्यायालयाकडेच शिक्षेला स्थगिती मागता आली असती का? अर्जात पुराव्यावर किती लिहावे? आरोपी निमसरकारी नोकरीत आहे.

प्रतिसाद
नाही. शिक्षा देणारे कोर्ट स्वतः जामीन देते ते आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंत असेल किंवा गुन्हाच जामीनपात्र असेल तर. तुमचा अर्ज उच्च न्यायालयात, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 430 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 389). सातारा आता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. अपिलाची मुदत 60 दिवस, पण माणूस आत असताना तेवढे थांबायचे कशाला? निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती लगेच घ्या. वकालतनाम्यावर कारागृह अधीक्षकांचा सही-शिक्का लागतो. बरेच दिवस तिथेच जातात.

अपिलाशिवाय नुसता स्थगितीचा अर्ज चालत नाही. दोन्ही एकत्र दाखल करा.

307 मध्ये दुखापत असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून सरकारी वकिलांना लेखी हरकत घेण्याची संधी द्यावीच लागते. इथे प्रत्यक्ष मिळालेली 7 वर्षे पाहत नाहीत, गुन्ह्याला कायद्यात असलेली शिक्षा पाहतात. ही संधी न देता मिळालेला आदेश पुढे टिकणे अवघड. अर्जाची प्रत सरकारी वकिलांना आधीच द्या, तारीख वाचेल.

प्रतिसाद
मुद्द्यांबद्दल. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत, खास अडचण नसेल तर, स्थगितीचा विचार उदारपणे करावा असे सर्वोच्च न्यायालयाने भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात (1999) सांगितले आहे. कारण साधे आहे : अपील ऐकायला येईपर्यंत शिक्षाच भोगून झाली, तर अपिलाच्या हक्काला अर्थ काय? हाच तुमचा पहिला परिच्छेद. सोबत खटल्याआधी आत काढलेले दिवस, जामिनावरची वागणूक आणि दंड भरल्याची पावती.

पुराव्यावर दीड-दोन पाने पुरेत. ओमप्रकाश सहानी (2023) वाचा : तो जन्मठेपेचा विषय होता, पण त्यातली कसोटी उपयोगी आहे. या टप्प्यावर पुरावा पुन्हा तोलायचा नाही, निकालात वरवर पाहताच दिसणारी चूक दाखवायची. हत्यार जप्तीचे पंच फितूर, वैद्यकीय अहवाल आणि साक्ष यांत विसंगती, असे दोन-तीन ठळक मुद्दे. प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी उतरवून काढली तर न्यायमूर्ती 'हे अंतिम सुनावणीला सांगा' म्हणतात आणि ठळक मुद्दाही त्यात बुडतो. निर्दोषत्वाच्या गृहीतकावरही लिहू नका. दोषसिद्धीनंतर (कोर्टाने दोषी ठरवल्यावर) ते उरत नाही. प्रीत पाल सिंग (2020) मध्ये हे स्पष्ट आहे.

प्रश्नकर्ता
आभार. नोकरीचे काय? आणि बाहेरचा काळ शिक्षेत धरतात का?

प्रतिसाद
शिक्षेला स्थगिती म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती नव्हे. नोकरीसाठी ती वेगळी मागणी आहे, क्वचितच मिळते, आणि कोणते नुकसान भरून येणार नाही ते नेमके मांडावे लागते. या अर्जात ती मिसळू नका. आधी माणूस बाहेर येऊ द्या.

जामिनावरचा काळ शिक्षेत धरत नाहीत. अपील फेटाळले तर उरलेली शिक्षा पूर्ण भोगावी लागते. घरच्यांना हे आजच सांगा. जामीनदाराची सातबारा, घरपट्टी, आधार ही कागदपत्रेही आत्ताच जमवा. आदेश होऊनही माणूस आठवडाभर आत राहतो तो बहुतेक वेळा याच कागदांपायी.