मदत हवी आहे: नोकरी करत एमबीए करतेय, फीवर टॅक्स वाचतो का?

नमस्कार, मी जळगाव एमआयडीसीत एका पाइपच्या कंपनीत क्वालिटीला आहे, पगार वर्षाला ९ लाख. एमबीए नसेल तर पुढचं प्रमोशन नाही असं साहेबांनी सांगितलं म्हणून पुण्याला वीकेंड एमबीएला अ‍ॅडमिशन घेतलं, महिन्यातून दोनदा महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून जाते आणि सोमवारी परत ड्युटीवर. फी २,४०,०००. त्यातले दीड लाख बँकेचं एज्युकेशन लोन, ५० हजार गावच्या पतसंस्थेतून आणि राहिलेले ४० बाबांनी केळीच्या पट्टीतून दिले (भाव पडलेला होता, तरी दिले).

ऑफिसातल्या एकाने सांगितलं शिक्षणाचा खर्च दाखवायचा तर जुनी रिजीम (टॅक्स मोजायची जुनी पद्धत) घे, म्हणून एप्रिल २०२५ ला तसं डिक्लेरेशन दिलं. तेव्हापासून दर महिन्याला चार हजारांच्या वर टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा टॅक्स) जातोय, आणि फीची पावती दिली तर अकाउंट्सवाले म्हणे ८०सी (ठरावीक खर्च-गुंतवणुकीवर सूट देणारं कलम) मध्ये नाही बसत. कामासाठीच शिकतेय ना मी? तिकिटं, पुस्तकं सगळ्याच्या पावत्या तारखेप्रमाणे फाइलला लावून ठेवल्यात. काहीच धरत नाहीत का?

उत्तर:
ताई, अकाउंट्सवाले बरोबर आहेत. ८०सी मध्ये मुलांची ट्यूशन फी चालते, स्वतःची नाही. आणि पगारदाराला खरा खर्च दाखवताच येत नाही, त्याऐवजी सरसकट स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक वजावट) मिळतं, जुन्यात ५० हजार, नव्यात ७५. तुमच्या कामाचं फक्त ८०ई, म्हणजे लोनचं व्याज. मुद्दल नाही, व्याजाला लिमिट नाही, आठ वर्षं मिळतं, पण जुन्या रिजीममध्येच. बँकेचं व्याज चालेल, पतसंस्थेचं नाही.

पण खरं सांगू का, व्याजाचं सोडा. २०२५-२६ ला नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (टॅक्समाफी) आहे, तुमचा ९ लाख पगार, दुसरं काही उत्पन्न नसेल तर टॅक्स शून्य! व्याजाचे दहा-पंधरा हजार वजा करायला तुम्ही वर्षाचे पन्नासेक हजार कापून देताय. रिटर्न भरताना नवी रिजीम निवडा, कापलेला टीडीएस रिफंड येईल.

मूळ प्रश्नकर्ती:
दादा, खरंच? पन्नास हजार म्हणजे पतसंस्थेचं अख्खं मुद्दल फिटेल माझं. पण फॉर्म १६ वर (कंपनी देते ते टीडीएसचं सर्टिफिकेट) जुनी रिजीम छापून येईल ना, तरी बदलता येतं?

उत्तर:
येतं. कंपनीला दिलेलं डिक्लेरेशन फक्त टीडीएससाठी असतं, धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी रिटर्नमध्येच बदलता येतं. बँक खातं इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा, नाहीतर रिफंड अडकतो.