मदत हवी आहे: मिशिगन सरोवरावर सामन-ट्राउट गरवण्यासाठी खासगी बोट ठरवायची आहे, सोबत देवगडचे बाबा आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल येथे राहतो. माझे वडील देवगडहून आले असून ऑगस्टच्या अखेरपर्यंत आमच्याकडे आहेत. त्यांचे वय ७४ आहे. नोकरी शाळेत झाली असली तरी आयुष्यातील बहुतेक संध्याकाळी त्यांनी खडकावर बसून हाताच्या दोरीने तांबोशी आणि गोबरे गरवण्यात घालवल्या आहेत. येथे आल्यापासून ते सरोवराकडे संशयाने पाहतात, कारण पलीकडचा किनारा दिसत नाही आणि वाऱ्याला मिठाचा वासही नाही, असा समुद्र त्यांनी यापूर्वी पाहिलेला नाही. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक खासगी बोट ठरवून त्यांना सामन-ट्राउटच्या मासेमारीला न्यावे, असे माझ्या मनात आहे.

यापूर्वीचा अनुभव सांगतो, म्हणजे माझी सावधगिरी समजेल. गेल्या वर्षी बाबा आले होते तेव्हा मी एका बोटीची अनामत रक्कम भरली होती. ठरलेल्या दिवशी पहाटे साडेतीन वाजता, आम्ही निम्म्या वाटेवर असताना, ईशान्येचा वारा असल्यामुळे बोट निघणार नाही असा फोन आला. वाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु रक्कम परत मिळणार नाही, ती फक्त त्याच हंगामातील दुसऱ्या तारखेला वळती होईल, हे मला तेव्हा प्रथमच कळले, आणि बाबांचे परतीचे विमान चार दिवसांवर होते.

या वेळी आम्ही सात जण आहोत: आई-बाबा, आम्ही दोघे, माझा मेहुणा, ११ वर्षांचा मुलगा आणि ३ वर्षांची मुलगी. दोन ठिकाणी चौकशी केली तेव्हा दोघांनीही सातव्या माणसाला नकार दिला. मुलगी मांडीवर बसेल असे सांगूनही उपयोग झाला नाही. हा त्यांचा हट्ट आहे की खरोखर तसा नियम आहे? घराजवळचे वॉकीगन बंदर घ्यावे की विस्कॉन्सिनमध्ये रेसीन, मिलवॉकी, शेबॉयगन असे वर जावे? परवाना कोणाकोणाला लागेल? बाबांचे गुडघे दुखतात, तर पाच-सहा तास त्यांना झेपतील का?

मात्र खरी अडचण वेगळीच आहे. बोटीची चित्रफीत दाखवल्यावर बाबांनी ती शांतपणे पाहिली आणि एवढेच विचारले, "गरी मी टाकतलंय की तो टाकतलो?" चित्रफितीत दहा-बारा काठ्या बोटीच्या कडेला खोचलेल्या होत्या, सगळी मांडणी खलाशी करत होता, आणि मासा लागल्यावर तो काठी पाहुण्याच्या हातात देत होता. बाबांच्या दृष्टीने ती मासेमारी नव्हे. दुसऱ्याने पकडलेला मासा ओढून घेणे म्हणजे त्यांच्या लेखी हमाली आहे. त्यांना स्वतः गळ टाकू देणारी बोट या सरोवरावर मिळते का? ज्यांनी अशी सहल केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मिलवॉकीचा रहिवासी:

सातव्या माणसाला मिळालेला नकार हा हट्ट नाही. या सरोवरावरील बहुतेक भाड्याच्या बोटी ज्या परवान्यावर चालतात, त्यात पैसे भरून येणारे प्रवासी सहापेक्षा अधिक घेता येत नाहीत, आणि तो परवाना कप्तानाला अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडून मिळालेला असतो. मांडीवरचे मूलही त्या सहांत मोजले जाते. सातव्याला घेण्यासाठी तटरक्षक दलाने तपासून प्रमाणित केलेली मोठी बोट तरी हवी, नाहीतर दोन बोटी. एखादा कप्तान "चालेल हो" म्हणून सात जण घेत असेल तर त्याच्या बोटीत पाऊल ठेवू नका, कारण जो हा नियम मोडतो तो आणखी काय काय मोडत असेल हे किनाऱ्यावरून कळत नाही. शिवाय तीन वर्षांच्या मुलीला पहाटे पाच ते अकरा पाण्यावर ठेवणे ही तिलाच नव्हे, बोटीतील सर्वांनाच शिक्षा आहे.

बंदराविषयी माझे मत असे की जुलैअखेर असेल तर वर या. कोहो सामनचे थवे वसंत ऋतूत सरोवराच्या दक्षिण टोकाला, किनाऱ्याजवळच्या लवकर तापणाऱ्या पाण्यात असतात. एप्रिल-मेमध्ये वॉकीगन किंवा विन्थ्रॉप हार्बरहून गेलात तर उत्तम. पुढे पाणी तापते तसे मासे उत्तरेकडे आणि खोल पाण्याकडे सरकतात. चिनूक सामन, ज्याला येथे सगळे किंग म्हणतात, त्याला साधारण १० ते १३ अंश सेल्सियसचे पाणी मानवते, आणि उन्हाळ्यात तो थर कधी चाळीस फुटांवर तर कधी शंभर फुटांवर सापडतो. आमच्या बाजूला नैर्ऋत्येचा वारा दोन-तीन दिवस टिकला की वरचे कोमट पाणी आत ढकलले जाते आणि खालचे गार पाणी किनाऱ्यालगत वर येते; तेव्हा मासेही जवळ येतात. म्हणून तारीख ठरवताना मधला वार घ्या आणि पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. वारा आडवा आला तर दुसरा दिवस मिळेल, ही बोली कप्तानाकडून आधी लेखी घ्या. गेल्या वर्षी तुमचे नुकसान वाऱ्याने नव्हे, या न विचारलेल्या बोलीने झाले.

विस्कॉन्सिनमध्ये १६ वर्षांखालील मुलाला परवाना लागत नाही. बाकी जे जे काठी हातात घेतील त्या सर्वांना लागेल. बाहेरच्या राज्यातील किंवा देशातील पाहुण्याला वयामुळे सूट नाही. तुमच्यासाठी दोन दिवसांचा, फक्त महासरोवरांपुरता (म्हणजे मिशिगनसारख्या ग्रेट लेक्सपुरता) परवाना सोयीचा आहे. त्यात सामन-ट्राउटचा शिक्का, म्हणजे ते मासे धरण्याची जादा परवानगी, समाविष्ट असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. दिवसाला माणशी सामन आणि ट्राउट मिळून पाच मासे ठेवता येतात. भाड्याखेरीज खलाशाला पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची पद्धत आहे, ती हिशेबात धरा. मासे साफ करून तुकडे पिशवीत भरून देण्याचे काम तोच करतो.

शेबॉयगनला दोनदा जाऊन आलेला:

वरील माहितीत एकाच गोष्टीची भर घालतो. समुद्राची सवय असलेल्या माणसाला येथे बोट लागणार नाही, असे कृपया गृहीत धरू नका. सरोवराच्या लाटा समुद्रासारख्या लांब आणि संथ नसतात. त्या आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात, आणि गळ ओढत बोट मंद गतीने चालत असल्यामुळे ती प्रत्येक लाटेवर डुलते. माझे सासरे अलिबागचे. जन्मभर होडीत वावरलेले. पहिल्या तासातच ते आडवे झाले आणि उरलेला वेळ "ही लाट नव्हे, हा खडबडीत रस्ता आहे" असे म्हणत राहिले. गोळी घ्यायची असेल तर ती आदल्या रात्री आणि निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. मात्र या गोळ्यांनी वृद्धांना ग्लानी येते, त्यामुळे बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गुडघ्यांसाठी मागच्या बाजूला बसण्याची सोय आहे का आणि धक्क्यावरून बोटीत उतरायला पायरी किती उंच आहे, हे विचारून घ्या. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट बोटीवर आहे याचीही खात्री करा. जुलै असला तरी पहाटे स्वेटर लागतोच.

गळकरी:

बाबांचा प्रश्न मला फार आवडला, कारण येथील भाड्याच्या मासेमारीबद्दल माझी तक्रार हीच आहे. तरी आधी ही पद्धत अशी का आहे ते सांगतो, म्हणजे त्यांनाही समजावता येईल.

हा मासा एका जागी बसून आमिषाची वाट पाहणारा नाही. तो गार पाण्याच्या थरात एलवाइफ नावाच्या लहान माशांच्या मागे फिरतो. आपल्या तारल्या-पेडव्यांच्या नात्यातला हा मासा मूळचा अटलांटिकचा; कालव्यांच्या वाटेने तो महासरोवरांत शिरला. तेथे तो अफाट वाढला, कारण लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या प्राण्याने आणि बेसुमार मासेमारीने येथील मूळचा लेक ट्राउट १९५०च्या दशकापर्यंत जवळजवळ संपवला होता, आणि एलवाइफला खाणारे कोणी उरले नव्हते. १९६७च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यावर साचले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिकच्या बाजूची कोहो सामनची पिल्ले सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत सोडली होती; १९६७मध्ये चिनूकही आला. म्हणजे तुम्ही जो सामन धरायला निघाला आहात तो येथे पाहुणाच आहे. बाबांइतका नवा नसला तरी.

अशा फिरत्या माशासाठी बोट ताशी दोन-तीन मैलांच्या गतीने चालवत अनेक गळ वेगवेगळ्या खोलीवर ओढावे लागतात. डाउनरिगर म्हणजे पोलादी तारेला बांधलेला चार-सहा किलोंचा शिशाचा गोळा. दोरी त्याला चिमट्याने अडकवून हव्या त्या खोलीवर सोडतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी एकदम सरळ होते. डिप्सी म्हणून एक गोल चकती असते, ती गळाला खाली आणि बाजूला नेते. दहा दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत यासाठी खलाशी पाहुण्यांना हात लावू देत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु बोट तुम्ही एकट्यांनी घेतलेली आहे, त्यामुळे आधी बोलून ठेवले तर "सहाच काठ्या लावा आणि त्यांतली एक आमच्या वडिलांना स्वतः सोडू द्या" हे बहुतेक कप्तान मान्य करतील. मासे थोडे कमी मिळतील, एवढेच.

त्याहून चांगला मार्ग लेक ट्राउटचा आहे. हा मासा तळाशी, खडकाळ उंचवट्यांजवळ राहतो. बोट तेथे थांबवून जड धातूचे आमिष सरळ तळापर्यंत सोडायचे आणि हाताने वर-खाली हलवत राहायचे. येथे याला जिगिंग म्हणतात. शंभर-दीडशे फूट खाली तळाला आमिष टेकल्याचा ठोका हाताला कळतो, आणि मासा लागला तर तोही आधी हातालाच कळतो. खडकावर बसून गोबरा गरवणाऱ्या माणसाला यात शिकवण्यासारखे काही नाही. मात्र सगळे कप्तान हे करत नाहीत, आणि लाट असेल तर बोट एका जागी राहत नाही. बोट ठरवण्यापूर्वी "तुम्ही लेक ट्राउटसाठी जिगिंग करता का?" एवढा एकच प्रश्न विचारा, उत्तर देताना कप्तान घुटमळला तर पुढचा क्रमांक फिरवा. धरलेल्या माशाच्या अंगावर गोल वण दिसला तर बाबांना दाखवा; तो लॅम्प्रेच्या तोंडाचा असतो.

स्वयंपाकघरातून:

मासे घरी आल्यावरचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे पहिल्या वेळी सासूबाईंनी मोठ्या हौसेने सामनच्या डोक्याचे कालवण केले, आणि नंतर मला कळले की नेमके तेच करायचे नसते. कारखान्यांतून पूर्वी सरोवरात गेलेली पीसीबी नावाची रसायने अमेरिकेत १९७९मध्ये बंद झाली असली तरी ती पाण्यातून नाहीशी झालेली नाहीत, आणि ती माशाच्या चरबीत साठतात. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितकी ती अधिक. कातडी, पोटाकडचा भाग आणि पाठीवरची चरबी काढून टाकावी आणि चरबी गळून जाईल असे भाजावे. कालवणात ती रसातच राहते. राज्याचे तक्ते माशाच्या जातीप्रमाणे आणि लांबीप्रमाणे किती वेळा खावे ते सांगतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी ते आवर्जून पाहावेत, आणि तुमच्या घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

चवीचे म्हणाल तर कोहो सर्वांत उत्तम. लेक ट्राउट तेलकट असतो, त्याला आंबट आणि तिखट दोन्ही सढळ हाताने लागते. बाबांना "हा रावस" म्हणून वाढू नका. रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणत असले तरी दोघांचा काही संबंध नाही, आणि देवगडच्या माणसाला तो फरक पहिल्याच घासात कळेल.

धागाकर्ता:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सातव्या माणसाचा प्रश्न आईनेच सोडवला. तिला पहाटे चारला उठून मासे पाहण्यात मुळीच रस नाही, त्यामुळे ती आणि धाकटी हॉटेलात झोपतील. आम्ही पाच जण जाऊ.

बाबांना मी दोन्ही पद्धती समजावून सांगितल्या. चिमटा सुटून काठी सरळ होते हे ऐकून त्यांनी "म्हणजे उंदराचा सापळा" असे म्हटले. तळाला ठोका लागतो हे ऐकल्यावर मात्र ते खुर्चीत पुढे सरकले आणि दोरी किती जाडीची असते, शिसे किती वजनाचे, तळ खडकाचा की चिखलाचा, असे विचारू लागले. यांपैकी एकाचेही उत्तर मला देता आले नाही.

त्यानंतर तीन कप्तानांना फोन केले. दोघे घुटमळले. तिसरा मिलवॉकीचा आहे. तो म्हणाला की वारा शांत असेल तर पहिले तीन तास गळ ओढू आणि नंतरचे दोन तास लेक ट्राउटसाठी थांबू. पुढचे दोन दिवस राखीव ठेवण्याची बोली त्याने ईमेलवर लिहून दिली आहे. आता एकच विचारायचे आहे. बाबा देवगडहून स्वतःची हातदोरी आणि चार गळ सामानात घेऊन आले आहेत, आणि ती काठीशिवाय, नुसत्या हाताने सोडायची त्यांची इच्छा आहे. विस्कॉन्सिनच्या पाण्यात हातदोरीने मासेमारी केलेली कोणी व्यक्ती येथे आहे का? कप्तान म्हणतो की त्याला हे आजवर कोणीच विचारलेले नाही.