बिडाच्या तव्यावर बिस्किटं: खालून करपतात, आत कच्ची राहतात. मदत हवी आहे

कोथरूडला भाड्याच्या घरात राहते. ओव्हन नाही, घ्यायचाही नाही. कुकरमध्ये मीठ तापवून नानखटाई भाजतात ते माहीत आहे, तो सल्ला कृपया नको. मला थेट तव्यावर, भाकरी टाकतो तशी, चहात बुडवायला ओबडधोबड बिस्किटं करायची आहेत. देखणी नसली तरी चालेल.

दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी चिरलेला गूळ, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर, आणि मळायला दूध. पेढ्याएवढे गोळे चपटे करून मंद आचेवर ठेवते. झाकण ठेवलं की मऊ पडतात, काढलं की वरून ओलीच. तवा तुळशीबागेतला, रोज वापरून छान मुरलेला आहे, त्यामुळे चिकटत नाहीत. नेमकं काय बदलू?

प्रतिसाद १
कॅम्पात कयानी बेकरीत जाऊन श्रूजबेरी बिस्किटं आणा. पण दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं.

प्रतिसाद २
वरच्यांकडे लक्ष देऊ नका. भट्टीत आच चहूबाजूंनी लागते, तव्यावर फक्त खालून. म्हणून गोळा नकोच. पोळपाटावर जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, वाटीने कापा आणि दोन्ही बाजूंनी भाजा. वेल्समध्ये मनुके घातलेले छोटे केक असेच जाड लोखंडी तव्यावर उलटून भाजतात, ओव्हन लागतच नाही.

दूध बंद करा. ओलाव्याने कणकेला चिवटपणा येतो आणि बिस्किटाची दशमी होते. तुपातच मळा, अगदीच गोळा होईना तर चमचाभर पाणी. गूळ अर्ध्या वाटीवर आणा, शक्यतो किसून घ्या. खडा राहिला की तिथेच आधी जळतो. तुपाऐवजी लोणी मात्र घेऊ नका, त्यातला दुधाचा अंश करपतो.

बीड सावकाश तापतं आणि बर्नरच्या वर जास्त तापतं. तवा आधी बारीक गॅसवर रिकामा तापू द्या, मग बिस्किटांच्या जागा बदलत राहा. झाकण सुरुवातीला थोडा वेळच. दोन्ही बाजू बदामी झाल्या की गॅस बंद करून बिस्किटं तव्यावरच उघडी ठेवा. खुसखुशीतपणा तिथे येतो, गरम असताना मऊच लागतील.

धागाकर्ती
लाटून केली, आतपर्यंत भाजली गेली! जायफळाचा वास जिन्यापर्यंत गेला म्हणे. पण उलटताना निम्मी मोडली. ज्वारीमुळे का?

प्रतिसाद २
थोडं ज्वारीमुळे, पाव वाटीच घाला. कापलेली बिस्किटं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, तूप गोठलं की उचलताना तुटत नाहीत. आणि कड आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका. मोडलेल्यांचा चुरा दुधात घालून पोरांना द्या.