कंपनीत वकील टिकत नाही, काय करावं?

लोटेकर:
लोटे-परशुराम एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. एचआर आणि लीगल दोन्ही माझ्याच गळ्यात. दोन वर्षांत तिसरी वकील चालली. पहिली मुंबईची, एका पावसाळ्यात कंटाळली. तिचं समजू शकतो. पण ही चिपळूणचीच. कंपनीची बस, पगार बरा. प्रदूषण मंडळाच्या नोटिशीला उत्तर, ठेकेदारांचे करार, ग्रामपंचायतीच्या कराचं भांडण, सगळं बघायची. राजीनामा देताना म्हणाली, "सर, वकिलीची सनद स्थगित करून इथे बसलेय. बरोबरीची पोरं कोर्टात उभी राहतात आणि मी करारातले स्वल्पविराम तपासते." एमडी म्हणतात पगार वाढवा. राहील का?

सनद कपाटात:
मूळचा गुहागरचा, तळोज्याला चौदा वर्षं इन-हाउस, म्हणजे कंपनीच्या नोकरीतला वकील. वय सव्वीस-सत्तावीस असेल तर पगारानं राहणार नाही. जेएमएफसीचा, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेचा, अभ्यास करतेय का विचारा. 20 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते. बार कौन्सिलच्या नियम 49 मुळे पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली बंद, म्हणजे तुमच्याकडची वर्षं तिच्या हिशेबात शून्य. पुढच्या वेळी जिल्हा कोर्टात पाच-सहा वर्षं काढलेला, तारखांना विटलेला माणूस घ्या. तो टिकतो. आणि त्याला करार सही व्हायच्या आधी बैठकीला बसवा हो! मला पहिल्या साहेबांनी बसवलं, म्हणून मी अजून आहे. सही झाल्यावर फाइल टेबलावर आपटली की वकिलाचा कारकून होतो.

खेड कोर्ट:
वरचं बरोबर, पण कोल्हापूर विसरलात. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच तिथे बसतं, आपला रत्नागिरी जिल्हा त्यातच. पूर्वी हायकोर्ट म्हणजे मुंबई; आता कुंभार्ली घाट चढला की कराड, पुढे कोल्हापूर. तरुण पोरांना पंख फुटलेत. तिला नोकरीऐवजी रिटेनरवर, म्हणजे ठरलेल्या फीवर, ठेवा. सनद चालू करून घेईल, कोर्ट करेल, आठवड्यातून दोन दिवस तुमच्याकडे येईल. मी दोन कंपन्यांचं असंच बघतो. फक्त हजेरीचं मशीन आणि रजेचा अर्ज लावू नका, नाहीतर ती नोकरीच झाली.

सनद कपाटात:
रिटेनरचा आणखी एक फायदा. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशिलाच्या गुप्ततेचं वकिलाला असतं ते पूर्ण संरक्षण पगारी इन-हाउसला नाही. नाजूक प्रकरणात सल्ला बाहेरच्या वकिलाचाच घ्या.

लोटेकर:
बोललो. जेएमएफसीच निघालं, शनिवार-रविवार क्लास लावलाय. रिटेनर म्हटल्यावर पहिला प्रश्न, "मंगळवार सोडून चालेल? खेडला तारखा असतात." अजून सनद चालू व्हायचीय! एमडींचा प्रश्न वेगळाच: मधल्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर आला तर? म्हटलं, चहा मी पाजतो, फोनवर ती आहे.